काट्यावरचा संगणक जुना, लॅपटॉप नवा : शेअर्ड लायब्ररीच्या लिंकिंगचं एक प्रकरण

फेब्रुवारी लागला की सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची आवक सुरू होते. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातल्या शेडवरून, शिवाय विजापूरकडूनही १५ किलोच्या बॉक्समध्ये भरलेला माल शीतगृहात येतो, तिथं लॉट लागतो आणि भाव बघून सौद्याला निघतो. गाडी आत शिरताना भरलेलं वजन, माल उतरवून बाहेर पडताना रिकामं वजन, दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ माल. त्या आकड्याची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते आणि त्या पावतीवर काही जण तारण कर्जही उचलतात. काट्याच्या खोलीतला संगणक चार वर्षं कुणी पुसलेला नसला, तरी त्याच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला किंमत आहे ती यामुळे.

अशाच एका शीतगृहाच्या काट्यावरचं हे प्रकरण. तिथला संगणक उबंटू १८.०४ या लिनक्स प्रणालीवर चालतो. त्याला वजनदर्शकाची सिरियल केबल, पावतीसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि ऑफिसातल्या संगणकाकडे जाणारी नेटवर्कची वायर जोडलेली आहे. प्रोग्रॅम सी++ मध्ये लिहिलेला. वजन वाचायला वजनदर्शक बनवणाऱ्यांनी दिलेली एक शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅमबाहेर वेगळ्या फाइलीत राहणारा तयार कोड), तिला आपण लिबवजन म्हणू. नोंदी ठेवायला एसक्यूलाइट, ज्याचा सोर्स थेट प्रकल्पातच घेतलेला. आणि नोंद ऑफिसकडे पाठवायला लिबकर्ल. प्रोग्रॅम कुपवाडमधल्या एका छोट्या फर्मनं लिहिलेला आणि कित्येक हंगाम बिनतक्रार चाललेला.

यंदा शीतगृहाला दोन बदल हवे होते. एकाच गाडीची दोन वजनं आपोआप जुळावीत, आणि पावतीवर लॉटबरोबर बॉक्सची संख्याही यावी. फर्ममधल्या तरुणानं ते बदल केले, स्वतःच्या लॅपटॉपवर चाचण्या घेतल्या, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि काट्यावर गेला. जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवली, नवी तिच्या जागी ठेवली, सुरू केली. वजन दिसण्याआधीच पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिलीत लिबसीमध्ये, म्हणजे सी भाषेच्या मूळ लायब्ररीत, ‘जीलिबसी २.३४’ ही आवृत्ती सापडत नाही (जीलिबसी हा लिबसी आणि लिबएम पुरवणारा प्रकल्प), दुसरीत गणिताच्या लिबएममध्ये ‘जीलिबसी २.२९’ सापडत नाही, तिसरीत सी++ च्या प्रमाण लायब्ररीत ‘जीलिबसीएक्सएक्स ३.४.२९’ सापडत नाही. जुनी फाइल शाबूत होती म्हणून काटा थांबला नाही. ही सवय त्या मुलाला कुणी लावली असेल त्याचे आभार मानायला हवेत.

हा मुलगा कधीकाळी माझ्याकडे सी शिकला होता. त्याचा फोन आला तेव्हा आवाजात घाबरण्यापेक्षा कोडं पडल्याचा सूर जास्त होता. “सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय की. कोडमध्ये फक्त पावतीचा नमुना आणि गाडी जुळवायचं लॉजिक बदललंय. नवं फंक्शन एकसुद्धा वापरलं नाही. मग ही २.३४ आली कुठनं?”

प्रश्न अचूक होता. या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर सविस्तर देतो.

२.३४ आली कुठून

कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलची ऑब्जेक्ट फाइल बनवतो. त्यात आपण लिहिलेल्या फंक्शनांचा मशीन कोड असतो आणि जी फंक्शनं आपण लिहिली नाहीत, प्रिंटएफ, पॉव, पीथ्रेड-क्रिएट वगैरे, त्यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. या मोकळ्या जागांची सोय लिंकर लावतो. स्टॅटिक लायब्ररी असेल तर तो तिच्यातला लागणारा कोड उचलून आपल्या फाइलीत भरतो. शेअर्ड लायब्ररी असेल तर कोड भरत नाही, फक्त नोंद करतो. शीतगृहात माल ठेवून पावती खिशात घालावी तसं. नोंदीत दोन गोष्टी असतात : कोणती लायब्ररी लागेल तिचं अधिकृत नाव, म्हणजे सोनेम, आणि तिच्यातलं कोणतं सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं नाव, कोणत्या आवृत्तीचं लागेल ते.

ही आवृत्तीची नोंद बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. लिनक्सवर लिबसीचं सोनेम गेली कित्येक वर्षं एकच आहे, ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’. नाव तेच राहून आतला कोड बदलतो, तरी जुने प्रोग्रॅम मोडत नाहीत, कारण जीलिबसी १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून प्रत्येक सिम्बॉलला आवृत्तीचं लेबल लावत आली आहे. एखाद्या फंक्शनचं वागणं बदललं तर जुन्या लेबलाचं जुनं रूप आत तसंच ठेवतात आणि शेजारी नव्या लेबलाचं नवं रूप उभं करतात. जुना प्रोग्रॅम जुनं लेबल मागतो, त्याला जुनंच मिळतं.

मेमकॉपी या मेमरीतला मजकूर कॉपी करणाऱ्या फंक्शनचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. एकमेकांवर चढलेल्या दोन जागांमध्ये मेमकॉपी वापरू नये, हा सी भाषेचा नियम. पण तो मोडूनही काम भागत होतं. मग मेमकॉपीची वेगवान आवृत्ती आली, ती उलट्या दिशेनं कॉपी करायची, आणि २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. नियम मोडणारा कोड फ्लॅशमध्ये होता, पण त्रास वापरणाऱ्यांना झाला. जीलिबसीच्या २.१४ मध्ये, म्हणजे २०११ साली, ६४ बिट इंटेल यंत्रांसाठी मेमकॉपीला नवं लेबल दिलं गेलं आणि जुन्या लेबलामागे चढलेल्या जागाही नीट सांभाळणारं मेममूव्ह ठेवलं गेलं. जुने प्रोग्रॅम वाचले.

आता लिंकरच्या बाजूनं बघा. लिंक करताना समोरच्या लिबसीमध्ये एकाच नावाची दोन-तीन रूपं असतील तर लिंकर त्यातलं मूळनिश्चित (डिफॉल्ट) रूप उचलतो, आणि ते जवळपास नेहमी सगळ्यांत नवं असतं. तुमच्या कोडला नव्या वागण्याची गरज आहे का, हे तो विचारत नाही. तुम्ही फक्त ‘पॉव’ (घात काढणारं फंक्शन) लिहिलंत. १८.०४ वर लिंक केलंत तर नोंद होईल ‘पॉव, २.२.५’. २२.०४ वर लिंक केलंत तर ‘पॉव, २.२९’, कारण २.२९ मध्ये एक्स्प, लॉग, पॉव यांच्या चुका कळवण्याच्या पद्धतीत बदल झाला. कोडची ओळ तीच राहते, मागणी बदलते.

त्या मुलानं मधल्या काळात लॅपटॉप बदलला होता. जुन्या लॅपटॉपवर उबंटू १८.०४ होतं, ज्यात जीलिबसी २.२७ आहे. नव्यावर २२.०४, ज्यात २.३५. काट्यावर अजून २.२७ च. त्याला मी ऑब्जडम्प या फाइल तपासण्याच्या साधनाचा ‘-टी’ पर्याय (मोठा टी) वापरून नव्या फाइलीनं मागितलेल्या सिम्बॉलची यादी काढायला सांगितली आणि २.२७ च्या वरच्या ओळी तेवढ्या पाठवायला सांगितल्या. आलेली यादी वाचनीय होती. एसक्यूलाइटच्या कोडमुळे एफसीएनटीएल६४ साठी २.२८. पॉवसाठी २.२९, जो वजनदर्शकाकडून आलेला दशांश सरकवायला वापरला होता. स्टॅट आणि एफस्टॅटसाठी २.३३, कारण २.३३ पर्यंत ही फंक्शनं लिबसीत स्वतंत्र सिम्बॉल म्हणून नव्हतीच, हेडर (कंपायलरला फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या फाइली) त्यांना आतल्या दुसऱ्या नावाकडे वळवायचे. पीथ्रेड-क्रिएट आणि डीएलओपनसाठी २.३४. आणि शेवटी ‘लिबसी-स्टार्ट-मेन’, तेही २.३४.

या शेवटच्या ओळीवर थांबायला हवं. मेन सुरू होण्याआधी प्रोग्रॅमची मांडामांड करणारं हे फंक्शन. प्रत्येक सी प्रोग्रॅम ते मागतो, रिकामा मेन असला तरी. पूर्वी सुरुवातीच्या या कोडचा काही भाग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक चिकटवला जायचा, आणि हल्लेखोरांना त्यातले तुकडे हव्या त्या कामाला जुंपता यायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ नं तो भाग लिबसीच्या आत नेला आणि या फंक्शनला नवं लेबल लागलं. त्याच आवृत्तीत पीथ्रेड (थ्रेडसाठीची) आणि डीएल (चालताना लायब्ररी उघडण्यासाठीची) या वेगळ्या लायब्रऱ्याही मुख्य लिबसीत विलीन झाल्या. परिणाम असा की २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीवर शेअर्ड पद्धतीनं लिंक केलेला कुठलाही प्रोग्रॅम, अगदी नमस्कार छापणारा तीन ओळींचासुद्धा, किमान २.३४ मागतोच. “नवं फंक्शन एकसुद्धा वापरलं नाही” हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तरी २.३४ लागणारच होती.

सी++ ची ओळ तशीच. नव्या लॅपटॉपवरच्या जीसीसी ११ या कंपायलरच्या हेडरमध्ये व्हेक्टरसारख्या साध्या गोष्टीसाठी जागा मागताना आकार अवाजवी असेल तर एक वेगळा अपवाद (एक्सेप्शन) फेकायची सोय आहे आणि त्या मदतनीस फंक्शनचं लेबल ३.४.२९. काट्यावरच्या प्रमाण लायब्ररीची मजल ३.४.२५ पर्यंत. व्हेक्टर वापरला की अडलं.

काट्यावर जे करून पाहिलं गेलं

मला फोन येण्याआधी दोन प्रयत्न झाले होते. दोन्ही अनेकांच्या हातून होतात, म्हणून ते का फसले ते बघणं उपयोगाचं आहे.

पहिला प्रयत्न म्हणजे लॅपटॉपवरून लिबसी, लिबएम आणि सी++ ची लायब्ररी एका फोल्डरमध्ये कॉपी करून आणणं आणि ‘एलडी-लायब्ररी-पाथ’, म्हणजे लायब्रऱ्या कुठं शोधायच्या ते सांगणारी सेटिंग, त्या फोल्डरकडे वळवणं. तसं केल्यावर प्रोग्रॅम तर चालला नाहीच, पण त्या टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’सुद्धा चालेना. आतल्या खासगी सिम्बॉलची तक्रार करून प्रत्येक कमांड कोसळायला लागली. टर्मिनल बंद करून नवं उघडल्यावर सगळं पूर्ववत झालं.

कारण असं. प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइलीच्या आत लिहिलेला लोडरचा, म्हणजे लायब्रऱ्या शोधून जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता वाचतो आणि आधी लोडरला उठवतो. हा लोडर आणि लिबसी एकाच जीलिबसीचे दोन भाग आहेत आणि एकमेकांशी खासगी सिम्बॉलमधून बोलतात. त्या सिम्बॉलना बाहेरच्यासाठी कसलंही वचन नाही, दर आवृत्तीला ते बदलू शकतात. इथं लोडर २.२७ चा आणि लिबसी २.३५ ची, त्यामुळे दोघांचं जमणं शक्यच नव्हतं. एलडी-लायब्ररी-पाथ त्या टर्मिनलमधल्या सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होत असल्यानं एलएसही त्यात सापडलं. त्यानं ती लिबसी सिस्टीमच्या मूळ जागेवर ठेवली नाही हे फार बरं झालं, नाही तर संगणक पुन्हा सुरूच झाला नसता आणि ऐन आवकेत काटा खरोखर बंद पडला असता. जीलिबसी आणायचीच असेल तर तिचा लोडरही सोबत आणून त्याच्यामार्फत प्रोग्रॅम चालवता येतो, हे तंत्र खरं आहे. पण मग तो अख्खा गोतावळा आपणच सांभाळायचा, आणि काट्याच्या खोलीत ते मला पटत नाही.

दुसरा प्रयत्न ‘-स्टॅटिक’चा. सगळं आत भरून टाकलं की बाहेरचं काही मागायलाच नको, हा विचार. तो लिबवजनवर अडला. ती फक्त शेअर्ड रूपात मिळालेली, सोर्स नाही, आणि पूर्ण स्टॅटिक लिंकमध्ये शेअर्ड लायब्ररी बसत नाही. लिंकरनं तसं स्पष्ट सांगितलं. मुलगा चिकट. अंदाज घ्यायला म्हणून त्यानं वजन वाचायचा भाग तात्पुरता काढला आणि उरलेलं स्टॅटिक बांधायला घेतलं. उबंटूचं स्टॅटिक लिबकर्ल इतक्या लायब्रऱ्या मागतं की शेवटी त्यानं कर्लचा सोर्स आणून फक्त एचटीटीपीपुरतं बांधलं. तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळी संपेनात, कारण मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत, लायब्रऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिलेल्या होत्या. लिंकर स्टॅटिक संग्रह डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो आणि त्या क्षणापर्यंत जे मागितलं गेलं आहे तेवढंच उचलतो. मागणारा आधी, देणारा नंतर, असा क्रम लावल्यावर लिंक झालं.

पण सोबत इशारा आला : गेटअ‍ॅड्रइन्फो (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारं फंक्शन) वापरणाऱ्या स्टॅटिक प्रोग्रॅमला चालताना ज्या जीलिबसीवर लिंक केलं तिच्याच शेअर्ड लायब्रऱ्या लागतील. असले इशारे वाचून सोडून देण्याचा मोह होतो. काट्यावर त्याचा अर्थ लगेच कळला. ऑफिसच्या संगणकाचं नाव ‘डॉट लोकल’नं संपणारं आहे. ते नाव शोधायचं काम एनएसएस या लिबसीतल्या नावं शोधणाऱ्या सोयीचं वेगळं मॉड्यूल करतं आणि ते मॉड्यूल स्वतः शेअर्ड लायब्ररी आहे, २.२७ साठी बांधलेली. २.३५ पोटात घेऊन बसलेल्या प्रोग्रॅमला ती लोड करता आली नाही. पावती छापली गेली, नोंद ऑफिसला पोचली नाही.

स्टॅटिकच्या बाबतीत परवान्याचीही बाजू आहे आणि छोट्या फर्म ती विचारातच घेत नाहीत. जीलिबसी एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. ती स्टॅटिक भरून बंद सोर्सचा प्रोग्रॅम ग्राहकाला द्यायचा तर ग्राहकाला बदललेल्या लिबसीशी पुन्हा लिंक करता यावं म्हणून आपल्या ऑब्जेक्ट फाइली द्यायची तयारी हवी. शेअर्ड लिंकमध्ये ती अट सहज पाळली जाते.

लिंक कुठं करायचं

लिबवजनची यादी मी मुद्दाम काढायला लावली. ती लायब्ररी कित्येक वर्षांपूर्वी बांधलेली, सगळ्यांत वरचं लेबल २.७. काट्यावरही चालते, नव्या लॅपटॉपवरही चालते. जुन्यावर लिंक केलेलं नव्यावर चालतं, उलट चालत नाही, याचा पुरावा त्याच्याच फोल्डरमध्ये होता.

मग उपाय उघड होता. काट्याचा संगणक बदलायचा नाही, कोड बदलायचा नाही, लिंक करायची जागा बदलायची. लॅपटॉपवर डॉकरमध्ये उबंटू १८.०४ चं कंटेनर, म्हणजे लॅपटॉपच्या आतच १८.०४ च्या फाइलींचं वेगळं वातावरण, उभं केलं. कर्नल लॅपटॉपचाच राहतो, पण हेडर, लिबसी, लिबएम सगळं १८.०४ चं, आणि इथं महत्त्व त्यालाच आहे. डॉकर नको असेल तर डीबूटस्ट्रॅपनं तेच काम होतं. जुना लॅपटॉप जपून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण लॅपटॉप विकला जातो, फॉरमॅट होतो, कंटेनरची कृती मात्र मजकुराच्या फाइलीत राहते.

तिथं दोन अडचणी आल्या. पहिली, ‘पीथ्रेड-क्रिएट’चं अनडिफाइन्ड रेफरन्स. नव्या लॅपटॉपवर पीथ्रेड लिबसीत विलीन झाल्यामुळे ‘-पीथ्रेड’ हा पर्याय न देताही लिंक होत होतं, आणि मेकफाइल आवरताना तो पर्याय गळून गेला होता. २.२७ मध्ये पीथ्रेड वेगळी आहे, एसक्यूलाइटला लागणारी डीएलही वेगळी आहे. दोन्ही परत लिहिले. नव्या यंत्रावरही ते लिहून काही बिघडत नाही, तेव्हा कायम लिहावेत.

दुसरी अडचण जरा मोठी. पावत्यांच्या जुन्या फाइली हलवायला कोडमध्ये सी++१७ चं फाइलसिस्टीम वापरलेलं, आणि १८.०४ चा मूळ जीसीसी ७ त्याचं हेडरच देत नाही. म्हणून कंटेनरमध्ये उबंटूच्या टूलचेन भांडारातून नवा जीसीसी बसवला. नवा कंपायलर आणि जुनी लिबसी हा जोड चालतो, कारण कंपायलर आणि जीलिबसी वेगवेगळे प्रकल्प आहेत. मात्र नव्या जीसीसीबरोबर सी++ ची नवी प्रमाण लायब्ररी येते आणि ती काट्यावर नाही. इथं ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ आणि ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ हे दोन पर्याय दिले. फक्त सी++ ची आणि जीसीसीची मदतनीस लायब्ररी आत भरली, लिबसी, लिबएम, लिबकर्ल शेअर्डच ठेवल्या. जीसीसीच्या रनटाइम लायब्रऱ्यांना परवान्यात स्वतंत्र सवलत आहे, त्यामुळे बंद प्रोग्रॅममध्ये त्या भरायला आडकाठी नाही.

हा तोडगा डोळे झाकून सगळीकडे लावू नये. प्रोग्रॅम दुसऱ्या एखाद्या शेअर्ड लायब्ररीशी सी++ चे ऑब्जेक्ट देवघेव करत असेल, स्ट्रिंग पाठवत असेल, अपवाद फेकत असेल, तर एकाच प्रक्रियेत प्रमाण लायब्ररीच्या दोन प्रती होतात आणि चुका सापडता सापडत नाहीत. लिबवजनचा इंटरफेस शुद्ध सीचा आहे, लिबकर्लचाही. ते तपासूनच पुढं गेलो.

लिबकर्ल शेअर्ड ठेवण्याचं कारण वेगळं. जी लायब्ररी नेटवर्कवर बोलते तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, आणि त्या सिस्टीमच्या अपडेटमधून आल्या तर प्रत्येक प्रोग्रॅम नव्यानं बांधावा लागत नाही. दोन्ही उबंटूंवर तिचं सोनेम एकच आहे आणि सिम्बॉलचं लेबलही एकच, त्यामुळे तिथं काही अडलं नाही.

बांधून झाल्यावर पुन्हा यादी काढली. सी++ ची एकही मागणी उरली नव्हती. जीलिबसीची सगळ्यांत वरची मागणी २.२७ च्याही खाली निघाली. यात आश्चर्य नाही. २.२७ वर लिंक केलं म्हणजे प्रत्येक फंक्शन २.२७ मागतं असं नसतं, ज्याचं लेबल शेवटचं जेव्हा बदललं तेव्हाचा आकडा येतो. २.२७ ही कमाल मर्यादा ठरते, एवढंच.

फाइल आहे आणि तरी सापडत नाही

नवी फाइल घेऊन मुलगा परत काट्यावर गेला. आवृत्तीच्या तक्रारी गेल्या. आता एकच ओळ होती : लिबवजन उघडता येत नाही, अशी फाइल नाही.

ती शेजारच्याच फोल्डरमध्ये होती. पण दोन गोष्टी एकदम बिघडल्या होत्या. लिबवजनची खरी फाइल ‘डॉट एसओ डॉट १.२’ या नावाची आणि तिचं सोनेम ‘डॉट एसओ डॉट १’. लोडर सोनेमनं शोधतो, त्या नावाची सिम्बॉलिक लिंक लागते. लॅपटॉपवर ती होती. पेन ड्राइव्ह मात्र फॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला, आणि फॅटमध्ये सिम्बॉलिक लिंक ठेवायची सोयच नाही. कॉपी करताना ती वाटेत गळाली. मी त्याला सगळं टार करून एकाच फाइलीत न्यायला सांगितलं. टारच्या आत लिंक सुरक्षित राहते.

दुसरी गोष्ट शोधण्याच्या जागेची. लोडर आधी फाइलीतला आरपाथ बघतो, मग एलडी-लायब्ररी-पाथ, मग रनपाथ, मग एलडीकॉन्फिगनं बनवलेला कॅशे, आणि शेवटी सिस्टीमची ठरलेली फोल्डर. आरपाथ आणि रनपाथ म्हणजे लायब्ररी कुठं शोधायची ते प्रोग्रॅमच्या फाइलीतच लिहिलेले पत्ते. रनपाथ असेल तर आरपाथ विचारातच घेत नाही. लॅपटॉपवर एलडी-लायब्ररी-पाथ बॅशच्या (टर्मिनलमधल्या शेलच्या) सुरुवातीच्या फाइलीत लिहिलेला होता. काट्यावर प्रोग्रॅम सिस्टमडी या प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची सेवा म्हणून सुरू होतो आणि सिस्टमडी ती बॅशची फाइल वाचत नाही. चाचणी एका वातावरणात आणि वापर दुसऱ्या, हा प्रकार शेअर्ड लायब्ररीत फार छळतो.

इथं योग्य जागा रनपाथची. ‘ओरिजिन’ नावाचं एक खास चल असतं, त्याचा अर्थ ‘ही फाइल जिथं आहे ते फोल्डर’. रनपाथमध्ये ओरिजिनच्या सापेक्ष शेजारचं लिब फोल्डर लिहिलं की प्रोग्रॅम कुठंही ठेवला तरी स्वतःची लायब्ररी शोधतो. मुलानं मेकफाइलमध्ये डॉलर चिन्ह लावून ओरिजिन लिहिलं, बांधलं, पण सापडेना. रीडएल्फच्या ‘-डी’ पर्यायानं फाइलीतला रनपाथ वाचायला सांगितला. तिथं छापलं होतं ‘रिजिन’. पहिलं ‘ओ’ गायब. मेकनं डॉलर आणि त्याच्या पुढचं एकच अक्षर मिळून चल समजला, तो रिकामा निघाला, उरलं ते फाइलीत गेलं. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहायचा, आणि पुढं शेलनंही तो गिळू नये म्हणून सगळं एकेरी अवतरणात ठेवायचं. दोन्ही केल्यावर रनपाथ नीट उमटला आणि लिबवजन सापडली. हे एवढ्यासाठी लांबण लावून सांगितलं की मेकफाइलकडे कितीही वेळ बघत बसलं तरी ही चूक दिसत नाही, बांधून झालेल्या फाइलीत ती एका ओळीत दिसते.

फाइल तपासायला बरेच जण एलडीडी वापरतात. आपलीच फाइल असेल तर ठीक आहे. कुठून तरी आलेल्या फाइलीवर एलडीडी चालवू नये, कारण काही परिस्थितीत तो त्या फाइलीतला कोडच चालवतो. रीडएल्फ आणि ऑब्जडम्प फक्त वाचतात.

पुढं काय ठरलं

संध्याकाळी मॅनेजर काकांसमोर पहिली गाडी नव्या प्रोग्रॅमवर तोलली गेली. दोन्ही वजनं जुळली, पावतीवर बॉक्सची संख्या आली, ऑफिसमध्ये नोंद दिसली. काकांनी पावती उलटसुलट करून बघितली आणि एकच विचारलं, “आता हंगामभर हात लावायची गरज नाही न्हवं?” मुलगा म्हणाला, “नाही काका. लावलाच तर आधी जुन्यावर बांधून बघून मगच आणीन.”

फर्मनं आता बांधणी कंटेनरमध्येच करायची असं ठरवलं आहे. मेकफाइलच्या शेवटी एक तपासणी घातली आहे : तयार फाइलीतली जीलिबसीची सगळ्यांत वरची मागणी २.२७ च्या पुढं गेली तर बांधणी नापास. ही तपासणी लिबवजनच्या प्रत्येक नव्या प्रतीवरही चालते, कारण ती लायब्ररी बनवणारेही उद्या लॅपटॉप बदलतील.

संगणकाचा प्रश्न उरतोच. उबंटू १८.०४ ची नेहमीची मोफत मुदत २०२३ मध्ये संपली आहे, आणि नेटवर्कला जोडलेल्या यंत्रावर ती जास्त काळ ठेवू नये असं मी काकांना सांगितलं आहे. ऐन आवकेत ते होणार नाही आणि ते बरोबरच आहे. हंगाम उतरल्यावर, काट्यावर गाड्या तुरळक झाल्या की, प्रिंटर आणि सिरियल केबलची खात्री करून संगणक २२.०४ वर न्यायचा आहे. प्रोग्रॅमची हीच फाइल २२.०४ च्या लॅपटॉपवर चालवून बघितली आहे, ती चालते, त्यामुळे त्या दिवशी निदान प्रोग्रॅम नव्यानं बांधावा लागणार नाही. मेकफाइलमधला २.२७ चा आकडा मात्र त्यानंतरही लगेच वाढवायचा नाही, कारण त्याच फर्मचे आणखी दोन काटे अजून १८.०४ वरच आहेत.